पावसाळ्यात लेथला गंज लागू नये म्हणून

वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या शेडमध्ये जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते, की शनिवारी नुसता पुसून ठेवलेला लेथचा (धातू फिरवून कापायच्या मशीनचा) बेड, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर सरकतात तो लोखंडी पाया, सोमवारी तांबूस दिसतो.

गंज सुरू होतो तो झाकलेल्या जागी. सॅडलखाली (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) आणि टेलस्टॉकखाली (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) धातूचा ओला कीस अडकतो, कूलंटमधलं, म्हणजे कापताना सोडायच्या तेल-पाण्याच्या मिश्रणातलं, पाणी तिथेच मुरतं. म्हणून पाळी संपली की टेलस्टॉक सरकवा, कीस ब्रशने काढा. हवेचा प्रेशर मारू नका, बारीक कण वायपरच्या (सरकत्या भागाच्या कडेला बेड पुसणाऱ्या पट्टीच्या) आत घुसतात. मग कोरडं फडकं, आणि त्यावर 68 नंबरचं स्लाइडवे ऑइल पातळ, सलग. वायपरचे फेल्ट महिन्यातून एकदा रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, तेलात भिजवून बसवा.

कूलंटसाठी 20 लिटर पाण्यात 1 लिटर कूलंटचं तेल. तेल पाण्यात ओतायचं, पाणी तेलात नाही, नाहीतर मिश्रण फाटतं, तेल-पाणी वेगळं होतं. टाकी कमी झाली की नुसतं पाणी घालत राहणं ही सर्रास होणारी चूक: मिश्रण पातळ होतं आणि जॉब पकडणाऱ्या चकचे जबडेसुद्धा गंजतात.

मशीन प्लास्टिकने झाकू नका, आत घाम धरतो. जाड सुती कापड बरं.

तांबूस डाग दिसलाच तर तेलात बुडवलेल्या स्कॉचब्राइटने हलकेच घासा. बेडवर पॉलिश पेपर नको.