कॉलेजच्या ग्रुपसाठी जुन्या गाण्यांचा मिक्स कसा बनवायचा

पहिली गोष्ट, दोनशे गाणी टाकू नका, कोणी ऐकत नाही. जुन्या सी-९० कॅसेटचा हिशोब धरा, एका बाजूला ४५ मिनिटं, म्हणजे साधारण आठ-नऊ गाणी, आणि दोन बाजूंच्या दोन वेगळ्या प्लेलिस्ट केल्या तर अजून भारी.

गाणी निवडताना "बेस्ट ऑफ नाइन्टीज" शोधून जे येईल ते उचलायचं नाही, ते सगळ्यांनी ऐकलेलंच असतं. कॅन्टीनमध्ये काय वाजायचं, गॅदरिंगला कोणत्या गाण्यावर नाचलात, एसटीत ड्रायव्हर काय लावायचा ते आठवा, भले गाणं टुकार असो (टुकार गाण्यांवरच ग्रुपमध्ये जास्त मेसेज येतात बरं का). आणि प्रत्येक गाणं पूर्ण ऐकून मगच टाका, कारण त्याच नावाने कव्हर, रिमिक्स, लो-फाय असलं काय काय निघतं आणि मूळ गायकाऐवजी भलताच कोणीतरी गायला लागतो, सगळा मूडच जातो.

क्रम लावताना एकदम जोरदार गाण्यानंतर लगेच रडकं नको, मध्ये एक मध्यम लयीचं घाला.

शेअर करायला यूट्यूबवर प्लेलिस्ट करून "अनलिस्टेड" ठेवा, लिंक असेल त्यालाच दिसते, अकाउंट नसलं तरी चालतं. स्पॉटिफायवर मित्रांना कोलॅबोरेटर करता येतं (म्हणजे तेही त्यात गाणी टाकू शकतात), पण क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात हळूहळू मिसळणं) ज्याच्या त्याच्या सेटिंगमध्ये असतं, ते लिंकबरोबर जात नाही, तेव्हा पाच-सहा सेकंद ठेवा असं मेसेजमध्येच लिहून टाका.