कायद्यातली मोकळीक कामी लावा: हिंगणा-बुटीबोरीतल्या बॉयलरवाल्यांसाठी धूळ घटवण्याचा प्रकल्प

कन्सेंटमध्ये, म्हणजे कारखाना चालवायला प्रदूषण नियंत्रण मंडळ (बोर्ड) देतं त्या परवानगीत, धुराड्याच्या तोंडाशी किती धूळ चालेल ते लिहिलेलं असतं. ती कशी रोखायची, हे मात्र बऱ्याच अंशी कारखानदारावर सोडलेलं असतं. उपकरणाचं नाव कन्सेंटमध्ये दिसतं खरं, पण ते आपणच अर्जात भरलेलं असतं. म्हणजे मोकळीक आहे. ती वापरली जात नाही, कारण नोटीस आली की पहिला फोन बॅग फिल्टरच्या, म्हणजे कापडी पिशव्यांतून धूर गाळणाऱ्या उपकरणाच्या, विक्रेत्याला जातो आणि तो जे कोटेशन देतो तोच 'प्रकल्प' ठरतो.

इथे आपण तासाला 3 टन वाफेचा, कोळशावर किंवा तुसावर चालणारा बॉयलर धरून चालू. नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या पट्ट्यात अशा मापाच्या बॉयलरसाठी हा हिशेब थोड्याफार फरकाने लागू पडतो.

आधी किलो मोजा, मग मिलिग्रॅम

केंद्रीय नियमांत तासाला 2 ते 10 टन वाफेच्या बॉयलरला धुळीची मर्यादा 800 मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर आहे. 2 टनांखाली ती 1200, 10 ते 15 टनांना 600 आणि 15 टनांपासून पुढे 150. पण आपल्याकडच्या कन्सेंटमध्ये लहान बॉयलरलाही अनेकदा 150 लिहिलेलं असतं. तुम्हाला बांधील आहे तो तुमच्या कागदावरचा आकडा. तो आधी काढून बघा.

केंद्रीय मानकातला आकडा 12 टक्के कार्बन डायऑक्साइडवर दुरुस्त केलेला असतो. हे लक्षात न घेता पुष्कळ जण फॅन वाढवून धूर 'पातळ' करतात. मोजताना धूळ 100 मिलिग्रॅम आणि कार्बन डायऑक्साइड 6 टक्के आला, तर दुरुस्त आकडा 200 होतो. जास्त हवा ओढून काहीच सुटत नाही, उलट वीज आणि कोळसा जातो.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मोजणी करून घेताना फक्त धुळीचा आकडा मागू नका. धुराचं तापमान, वेग, एकूण प्रवाह, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड हे सगळं अहवालात आलं पाहिजे, आणि त्या वेळी बॉयलर किती भारावर होता तेही. निम्म्या भारावर घेतलेला सुंदर अहवाल पुढे कोणत्याच कामाचा नसतो. नमुना घेण्याचं भोक शेवटच्या वळणापासून धुराड्याच्या व्यासाच्या 8 पट वर आणि तोंडापासून 2 पट खाली असावं. व्यास 0.6 मीटर असेल तर खाली 4.8 मीटर आणि वर 1.2 मीटर सरळ लांबी हवी. शिडी आणि कठडा असलेला प्लॅटफॉर्म नसेल तर प्रयोगशाळेचा माणूस हाताला येईल तिथून नमुना घेतो, आणि मग त्या आकड्यावर लाखोंचं उपकरण ठरतं.

आता वर्षाचा हिशेब. प्रवाह तासाला 4,500 सामान्य घनमीटर आणि धूळ 400 मिलिग्रॅमवरून 50 वर आणायची असेल, तर तासाला 1.575 किलो धूळ वाचते. वर्षाला 6,000 तास बॉयलर चालला तर साधारण साडेनऊ टन. हा टनांमधला आकडा अर्जात पहिल्या पानावर द्या. सुरतेत 2019 मध्ये धुळीच्या उत्सर्जनाचे परवाने विकण्या-घेण्याचा बाजार सुरू झाला, तेव्हा तिथेही प्रत्येक कारखान्याचं एकूण वजन मोजलं गेलं आणि ते कुठे, कसं घटवायचं हे कारखान्यांवर सोडलं. त्यात सहभागी कारखान्यांची धूळ 20 ते 30 टक्के घटल्याचं अभ्यासात दिसलं. महाराष्ट्रात राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने (एमपीसीबी) 2017 पासून धुराड्याच्या नमुन्यांवर 1 ते 5 तारे द्यायला सुरुवात केली, त्याचाही पाया मोजणीच आहे.

हवा आवरली की फिल्टर निम्मा होतो

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच, म्हणून इथे थोडं थांबू.

धुरातला ऑक्सिजन 7 टक्के असेल तर घन इंधनासाठी जळण ठीक आहे. बऱ्याच जुन्या बॉयलरवर तो 14 टक्के निघतो. 21 मधून ऑक्सिजन वजा करून येणाऱ्या आकड्याने 21 ला भागलं की हवा किती पट आहे ते कळतं. 7 टक्क्यांवर दीडपट, 14 टक्क्यांवर तिप्पट. म्हणजे तोच कोळसा जाळून दुप्पट धूर. दुप्पट धुराला दुप्पट पिशव्या आणि मोठा फॅन लागतो, आणि वेग वाढल्यामुळे भट्टीतून राखडही जास्त उडते.

गळती शोधायला यंत्र लागत नाही. बॉयलर चालू असताना भट्टीचं दार, राखेचं दार, इकॉनॉमायझरचे जोड, सायक्लोनखालचा (धूर गरगरा फिरवून धूळ खाली पाडणाऱ्या उपकरणाखालचा) रोटरी एअर लॉक, म्हणजे हवा आत न घेता धूळ बाहेर सोडणारी फिरती झडप, आणि आयडी (धूर ओढणाऱ्या) फॅनआधीचे फ्लँज यांवर पेटती उदबत्ती फिरवा. धूर आत ओढला गेला की तिथे गळती आहे. सायक्लोनखालचा एअर लॉक झिजला असेल तर सायक्लोनच निकामी होतो, कारण खालून येणारी हवा खाली बसलेली धूळ परत वर उचलते. अनेकदा नवा सायक्लोन नको असतो, एअर लॉकची पाती आणि दोर बदलले की काम होतं.

त्यानंतर आयडी आणि एफडी (भट्टीत हवा ढकलणाऱ्या) फॅनला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र. फॅनचा वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. भट्टीत ड्राफ्ट (हवेची ओढ) पाण्याच्या 2 ते 5 मिलिमीटर उणा ठेवा. फायरमनसमोर ऑक्सिजनचं मीटर लावा. तो धुराचा रंग बघून हवा सोडतो आणि काळा धूर दिसू नये म्हणून नेहमी जास्तच सोडतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला बघायला दुसरं काही दिलेलंच नसतं.

इंधनाबद्दल थोडक्यात. मौदा-रामटेक आणि भंडाऱ्याकडच्या राइस मिलमधून मिळणाऱ्या तुसात साधारण पाचवा हिस्सा राख असते आणि ती सिलिकामुळे कानशीसारखी घासते. सोयाबीनचं कुटार किंवा पऱ्हाटीपासून केलेल्या पांढऱ्या कोळशात गंधक कमी, पण क्षार जास्त. त्यामुळे नळ्यांवर चिकट थर बसतो. इंधन बदलायचं असेल तर आधी कन्सेंटमध्ये दुरुस्ती करून घ्या. तिथे इंधनाचं नाव आणि प्रमाण दोन्ही लिहिलेलं असतं, आणि स्वच्छ इंधन बेकायदा जाळल्याबद्दल नोटीस घेण्यात काही अर्थ नाही.

कोळशावर राहणार असाल तर धुराड्याची उंचीही तपासा. सूत्र असं: तासाला निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोचा 0.3 घात, गुणिले 14. तासाला 570 किलो कोळसा आणि 0.5 टक्के गंधक असेल तर 5.7 किलो वायू, आणि उंची साधारण 23.6 मीटर येते.

मग बॅग फिल्टर

दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा. काही बॉयलर इथेच मर्यादेत येतात. बाकीच्यांनी आता हिशेब करावा.

4,500 सामान्य घनमीटर धूर 160 अंशांना साधारण 7,140 घनमीटर होतो, म्हणजे मिनिटाला 119. बॉयलरच्या राखेसाठी कापडातून हवेचा वेग मिनिटाला 1 मीटरच्या वर नेऊ नका. विक्रेते दीड मीटर धरून पिशव्या कमी दाखवतात आणि भाव पाडतात. एका मीटरने 119 चौरस मीटर कापड लागतं. 160 मिलिमीटर व्यासाच्या, 3.66 मीटर लांबीच्या पिशवीचं क्षेत्र 1.84 चौरस मीटर, म्हणून 65 पिशव्या. गळती आणि साफसफाईसाठी 20 टक्के जास्त धरून 80 घ्या, 10 च्या 8 ओळी. हवा न आवरता हाच हिशेब केला असता तर 160 लागल्या असत्या.

कापड तापमानावर ठरतं. पॉलिस्टर 130 अंशांपर्यंत, पण ओल्या धुरात ते त्याआधीच कुजतं. 160 अंशांना पीपीएस हे जास्त उष्णता सोसणारं कापड चालतं, 190 पर्यंत. मात्र धुरात ऑक्सिजन जास्त असेल तर पीपीएस ठिसूळ होतं, म्हणजे हवा न आवरल्याचा भुर्दंड इथेही आहेच. तापमान खाली आणून स्वस्त पॉलिस्टर बसवण्याची युक्ती गंधकाच्या कोळशावर अंगाशी येते, कारण 130-140 अंशांखाली आम्ल धरतं आणि पिशवीसोबत पत्राही खातं.

तूस किंवा पांढरा कोळसा जाळत असाल तर फिल्टरआधी सायक्लोन हवाच. तो धुळीपेक्षा ठिणग्यांसाठी. एक ठिणगी पिशवीला नाण्याएवढं भोक पाडते आणि त्या एका भोकातून पूर्ण चाचणी नापास होते.

बिघाड कुठे होतात, ते नागपूरच्या हवामानावरूनच ओळखता येतं. डिसेंबरच्या पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास असतो. थंड फिल्टरमध्ये गरम धूर सोडला की आत पाणी सुटतं, राखड चिखल होऊन पिशवीवर पापुद्रा धरते आणि तो मग पल्सने, म्हणजे पिशवी झटकणाऱ्या दाबाच्या हवेच्या झटक्याने, निघत नाही. उपाय तीन. फिल्टरला आणि हॉपरला (खालच्या राखेच्या नरसाळ्याला) 75 मिलिमीटर रॉकवूल लावा. नव्या पिशव्यांवर पहिल्या दिवशी चुन्याच्या भुकटीचा थर चढवा. आणि बॉयलर बंद केल्यावर 15-20 मिनिटं फॅन चालू ठेवून आतली वाफ काढून टाका. पावसाळ्यात पल्सच्या हवेतून पाणी येतं, म्हणून कॉम्प्रेसरला ड्रायर हवा. दाब 5 ते 6 बार पुरे.

पिशव्यांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक रोज लिहा. स्वच्छ पिशव्यांवर तो पाण्याच्या 50 मिलिमीटरच्या आसपास असतो, 100 ते 120 ला पल्स सुरू व्हावा, 150 च्या वर काहीतरी अडलं आहे. आणि फरक अचानक कमी झाला तर आनंद मानू नका, पिशवी फाटलेली असते. टायमरवर सतत पल्स मारणंही वाईट. त्याने कापडावरचा उपयोगी थरच उडतो आणि धूळ वाढते.

सगळं ठीक असूनही चाचणी नापास होत असेल तर बायपास डँपर, म्हणजे फिल्टर टाळून धूर थेट धुराड्यात सोडणारी झडप, बघा. तो पूर्ण बसत नाही, हे सगळ्यात नेहमीचं कारण. बायपास उघडला की घंटा वाजावी आणि वेळ नोंदली जावी, अशी सोय करून घ्या. तपासणीला येणारा अधिकारी तिथेच पहिलं बोट ठेवतो.

बोर्डापुढे कसं मांडायचं

अमेरिकेत दंडाच्या तडजोडीत कारखाना पर्यावरणाचा एखादा पूरक प्रकल्प हाती घेऊ शकतो, पण दोन अटी असतात: प्रकल्पाचा संबंध त्याच प्रदूषणाशी असावा, आणि जे कायद्याने करावंच लागतं ते त्यात दाखवता येत नाही. आपल्याकडे अशी स्वतंत्र सोय नसली तरी प्रस्ताव याच दोन चाळण्यांतून काढा. धुराड्याची नोटीस असताना आवारात 500 झाडं लावल्याचे फोटो जोडू नका.

पैशांचा धाक किती, हे आधी काढा. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात पर्यावरण भरपाई म्हणजे प्रदूषण निर्देशांक, दिवस, रुपये, आकार आणि ठिकाण यांचा गुणाकार. नारिंगी (मध्यम प्रदूषणाच्या) गटातला लघुउद्योग, शहराला लागून हिंगण्यात: 50 गुणिले 250 गुणिले 0.5 गुणिले 1.25, म्हणजे दिवसाला 7,812 रुपये 50 पैसे. तीस दिवसांचे 2,34,375. किमान आकारणी दिवसाला 5,000. याखेरीज 1 एप्रिल 2024 पासून हवा कायद्यातल्या बऱ्याच उल्लंघनांना खटल्याऐवजी 10,000 ते 15 लाख रुपयांचा दंड आहे.

या सूत्रात दिवस थांबतात ते पूर्तता तपासली गेल्यावर, काम संपल्यावर नव्हे. म्हणून काम झालं त्याच दिवशी उपप्रादेशिक कार्यालयाला पत्र, ऑनलाइन नोंद आणि प्रयोगशाळेचा अहवाल पाठवा आणि तपासणीची तारीख लेखी मागा. पोचपावती जपून ठेवा.

मुदत मागताना बोर्ड बँक गॅरंटी घेतं. तारीख चुकली की ती जप्त होते, म्हणून तारीख आपणच विचार करून द्या. पाया खणण्याचं काम जून ते सप्टेंबरमध्ये धरू नका. फिल्टर जोडण्यासाठी बॉयलर बंद ठेवावा लागतो, तो वार्षिक तपासणीच्या बंदीत बसवा. प्रस्तावात तीन टप्पे तारखांसह लिहा: गळती आणि हवा, पुन्हा मोजणी, मग फिल्टर. पहिल्या टप्प्यातच धूळ किती घटली याचा अहवाल मध्येच सादर केला की पुढच्या मुदतीला वजन येतं. उत्पादन आणि प्रदूषणाचा भार वाढलेला नसेल तर नूतनीकरण स्वयंघोषणेवर होऊ शकतं. पण तिथे लिहिलेलं प्रत्येक वाक्य तुमच्यावर बंधनकारक असतं, आणि 30 सप्टेंबरपर्यंत भरायच्या फॉर्म पाच या वार्षिक पर्यावरण विवरणातल्या आकड्यांशी ते ताडून बघितलं जातं. दोन्ही कागद एकाच माणसाने भरावेत.

आवारातली धूळ विसरू नका. उघडा कोळसा, कच्चा रस्ता आणि वरून भरली जाणारी राखडीची ट्रॉली मिळून धुराड्याइतकीच धूळ उडवू शकतात, आणि मे महिन्यातल्या वाऱ्यात तर जास्तच. कोळशाला तीन बाजूंनी भिंत आणि वर पत्रा, गेटपासून बॉयलरपर्यंत काँक्रीट, राखड पाणी शिंपडून ताडपत्रीखाली विटांच्या भट्टीकडे किंवा राखडीच्या विटा करणाऱ्यांकडे, वजनाच्या पावतीसह. या पावत्यांची बेरीज आणि जाळलेल्या कोळशातली राख यांचा मेळ महिन्याला एकदा घाला. तफावत मोठी असेल तर राखड एकतर धुराड्यातून गेली आहे किंवा गेटबाहेर कुठेतरी टाकली गेली आहे.