‘चादर’ची चार प्रश्नचिन्हं का होतात?

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं की ही तक्रार येतेच: मालाचं नाव मराठीत टाकलं, बिलावर भलतंच उमटलं. लगेच कोडमध्ये हात घालू नका. आधी दिसणारा कचरा मोजा.

‘चादर’ म्हणजे च, काना, द, र असे युनिकोडचे (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे) ४ कोड. हे कोड साठवायची नेहमीची पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात प्रत्येकाला ३ बाइट लागतात, एकूण १२. नुसते चौकोन दिसत असतील तर मराठी फॉन्ट तेवढा नाही, माहिती शाबूत आहे. १२ विचित्र रोमन चिन्हं दिसली तर बाइट बरोबर आहेत, वाचणारा प्रोग्राम ते लॅटिन-१ (रोमन अक्षरांची जुनी पद्धत) समजून वाचतोय. हे दुरुस्त होतं. पण नेमकी ४ प्रश्नचिन्हं आली तर साठवतानाच अक्षरं गेली असण्याची शक्यता असते. तशी गेली असतील तर ती कुठल्याही कोडने परत येत नाहीत, बॅकअप नाहीतर पुन्हा टायपिंग.

खात्रीसाठी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मालाच्या नावाच्या रकान्यावर हेक्स फंक्शन चालवा, ते साठवलेले बाइट दाखवतं. सुरुवात ‘ई०ए४९ए’ (‘च’चे ३ बाइट) असेल तर साठवण ठीक. ‘सी३ए०’ असेल तर तेच अक्षर दोनदा एन्कोड झालंय, म्हणजे कनेक्शनचा कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटांत बदलायची पद्धत) चुकलाय. ‘३एफ’ हे प्रश्नचिन्ह, म्हणजे अक्षरं खरंच गेली.

नवीन टेबल यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधला पूर्ण यूटीएफ-८) मध्येच बनवा आणि कनेक्शन उघडतानाही तोच सेट द्या. बरेच लोक हे दुसरं विसरतात. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ ३ बाइटांवर थांबतो, त्यात मराठी बसते पण इमोजी बसत नाही.

जुनं टेबल बदलताना मात्र जपून. रकाना लॅटिन-१ चा आणि आत यूटीएफ-८ चे बाइट, अशी अवस्था असेल तर टेबलाचा सेट बदलणारी ‘कन्व्हर्ट टू’ आज्ञा थेट चालवल्यास सगळं दोनदा एन्कोड होतं. आधी डंप (पूर्ण प्रत) घ्या. मग रकाना व्हारबायनरी (नुसत्या बाइटांचा प्रकार) करा आणि त्यानंतर यूटीएफ८एमबी४ चा व्हारचार (मजकुराचा प्रकार). सोलापुरात गिऱ्हाइकांची नावं तेलुगू, कन्नडमध्येही येतात. त्यांनाही ३-३ बाइटच लागतात, वेगळं काही करावं लागत नाही.

एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकुराची फाइल) बिघडते ती वेगळ्या कारणाने. डबल क्लिक केल्यावर एक्सेल बऱ्याचदा विंडोजचा जुना कोडपेज (अक्षरांचा तक्ता) धरतो. पायथनमधून फाइल लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, म्हणजे सुरुवातीला ३ बाइटांची खूण पडते आणि एक्सेल ती ओळखतो.

‘कोऱ्या चादरी’ शोधून सापडत नसेल तर ‘ऱ’ तपासा. तो एकाच कोडचा असू शकतो किंवा र आणि नुक्ता (खालचा ठिपका) असा दोन कोडांचाही. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा एनएफसी (असे जोड एकाच कोडात आणणारं युनिकोडचं रूप) लावा.

बिलाच्या ८० मिमी थर्मल प्रिंटरांपैकी बहुतेकांत देवनागरी फॉन्ट नसतो. मजकूर ५७६ ठिपके रुंदीचं चित्र करून पाठवा. चित्रं बनवणाऱ्या पायथनच्या पिलोमध्ये अक्षरं नीट जोडणारी राक्म लायब्ररी नसेल तर जोडाक्षरं सुटतात. पहिली चाचणी ‘किंमत’ छापून घ्या: वेलांटी क च्या डावीऐवजी उजवीकडे उभी राहिली तर राक्म चालू नाही.