उसाच्या लहान शेतात मजुरांची काळजी कशी घ्यावी

कोल्हापूर जिल्ह्यात वीस-तीस गुंठे ऊस असलेल्या शेतकऱ्याकडे भांगलणीला म्हणजे तण काढायला गावातल्या बायका येतात, फवारणीला एखादा गडी येतो आणि तोडणीला बहुधा मराठवाड्यातली टोळी येते. रोज ठरलेला असो वा मजुरी टनावर असो, ही माणसे आपल्या शेतात असेपर्यंत त्यांच्या जिवाची जबाबदारी आपलीही असते. त्यासाठी मोठा खर्च येत नाही. आदल्या दिवशी तासभर शेतात फिरून तयारी मात्र करावी लागते.

सुरुवात पाण्यापासून करावी. उन्हात राबणाऱ्या माणसाने तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायला हवे. म्हणून घागर बांधावर न ठेवता काम जिथे चालले आहे तिथे, सावलीत ठेवावी. मात्र घागर जवळ असूनही बायका पाणी कमी पितात, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. दिवसभर पाणी टाळल्याने आणि लघवी रोखल्याने मूत्रमार्गाचे आजार होतात, आणि लाजेमुळे त्याबद्दल कोणी बोलत नाही. शेताच्या कोपऱ्यात चार बांबू रोवून जुन्या साडीचा आडोसा करणे आणि शेजारी पाण्याची बादली ठेवणे हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईने पुढाकार घेऊन करावे, म्हणजे येणाऱ्यांना संकोच वाटत नाही.

फवारणीआधी बाटलीवरचा त्रिकोण पाहावा. लाल रंग सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. शक्य तिथे दुकानदाराकडून खालच्या रंगाचे औषध मागून घ्यावे. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट आपण पुरवावेत. फवारणी सकाळी वारा कमी असताना, वाऱ्याकडे पाठ करून करावी. पंपाचे नोझल तुंबले की गडी ते सवयीने तोंडाला लावून फुंकतो. हे मी स्वतः पाहिले आहे, आणि पंपासोबत जुना दातघासणीचा ब्रश बांधून दिल्यावर ते थांबलेही आहे. अंगातले कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले, तर काम तिथेच थांबवून बाटलीसह दवाखाना गाठावा, कारण उपचार औषधाच्या घटकावर ठरतो.

तोडणीत जखम होते ती बहुधा ऊस धरलेल्या हाताला किंवा पुढच्या पायाच्या नडगीला. बोथट कोयत्याला जोर जास्त द्यावा लागतो आणि तो निसटतो, म्हणून कानस जवळ ठेवावी, मूठ हलत असेल तर आधी पाचर मारावी आणि दोघांमध्ये हात लांब करून कोयता फिरवता येईल इतके अंतर राखावे. जखमेवर तंबाखू, हळद वा माती न लावता स्वच्छ फडके दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे आणि नंतर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. टोळीसोबतची लहान मुले फडात वा ट्रॉलीखाली झोपू नयेत; त्यांच्यासाठी झाडाखाली जागा करून द्यावी. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावणे गुन्हा आहे.

सापाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे चूक जिवावर बेतते. पाचटात घोणस बसलेली असते आणि तिचा रंग वाळल्या पानांत मिसळून जातो. पाचटात हात घालण्याआधी काठीने ढवळावे. दंश झाल्यास माणसाला चालू न देता झोपवावे, अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, कारण सूज झपाट्याने चढते, आणि दंश झालेला अवयव फळीला सैलसर बांधावा, म्हणजे तो हलणार नाही. दोरीने आवळणे, ब्लेडने चिरणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ जातो. सर्पविषावरची प्रतिविष लस जिथे आहे तिथेच न्यावे. घोणसच्या विषाने रक्त गोठत नाही, त्यामुळे डॉक्टर काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून पाहतात. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लस असते का, याची चौकशी हंगामाआधीच करून ठेवावी; कोल्हापूर शहरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे.

108 ला फोन करताना गावाच्या नावाने भागत नाही, कारण उसाच्या रानात वाट दिसत नाही. जवळचे देऊळ, टाकी किंवा ट्रान्सफॉर्मर सांगावा, आणि एका माणसाला डांबरी रस्त्यावर उभे करावे.