काथ्याचं कार्पेट घरी बसवायचं तर

ताग, वाख की काथ्या, हे आधी ठरवा. ताग मऊ, पण ओल लागली की कुजायला लागतो. तो झोपायच्या खोलीत ठीक. घायपाताचा वाख, दुकानात ज्याला सिसल म्हणतात, दिसायला देखणा, पण पाणी सांडलं की डाग पडतो. बैठकीच्या खोलीला मी काथ्याच सुचवतो. पायाला टोचतो, हे खरं. घरात रांगतं मूल असेल तर थोडं थांबा.

रोल आला की लगेच कटर काढू नका. त्याच खोलीत उलगडून दोन दिवस पडू द्या. हा तंतू हवेतली ओल शोषून फुगतो आणि हवा कोरडी झाली की आकसतो. पुण्यात भर पावसात बसवलेल्या कार्पेटचे जोड उन्हाळ्यात उघडतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत भिंतीला भिडवून मोकळंच टाकलं तर जुलैत मधोमध फुगवटा येतो. म्हणून पावसाळ्यात मी हे काम घेतच नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो. दिवाळीच्या सुमाराची हवा बरी.

तळमजल्यावर राहत असाल तर फरशीची परीक्षा घ्या. हातभर प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव दिसलं, तर आधी ओलीचा बंदोबस्त, कार्पेट नंतर.

माप खोलीच्या सर्वांत रुंद जागी घ्या, प्रत्येक बाजूला पाच सेंटीमीटर जास्त धरा. जुन्या घरांत भिंती क्वचितच काटकोनात असतात, तेव्हा एकाच भिंतीच्या मापावर विसंबू नका. कापायच्या रेषेवर चिकटपट्टी लावून लोखंडी पट्टीच्या आधाराने कापा; पाती दर दोन-तीन कापांनंतर बदला, काथ्या धार पटकन खातो. कापलेल्या कडेला लगेच लॅटेक्सचा, म्हणजे पातळ रबरी चिकाचा, हात फिरवा, नाहीतर विणीचे दोरे सुटत जातात. दोन पट्टे जोडायचे असतील तर विणीच्या एकाच ओळीने कापा, दोन्हींची वीण एकाच दिशेला ठेवा आणि जोड दारात येऊ देऊ नका.

स्वतःच्या घरात गोंद पूर्ण फरशीवर, दात्यांच्या थापीने. अर्धं कार्पेट गुंडाळायचं, तेवढ्या भागाला गोंद, मग परत सोडून मधून कडेकडे दाबत जायचं, आणि नंतर दुसरा अर्धा भाग. वाढीव कडा शेवटी भिंतीलगत कापायच्या. भाड्याच्या घरात गोंदाच्या वाटेला जाऊ नका. कडा कापडी पट्टीने शिवून घ्या आणि सतरंजीसारखं मोकळं अंथरा, भिंतीपासून बोटभर सोडून.

दार घासतंय का, ते कार्पेट बसण्याआधीच बघा. सुताराला बोलावून तळाला रंधा मारून घ्या. उंबऱ्याशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोका. कामवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा, इथे ओलं फडकं नाही. चहा सांडला तर चोळायचं नाही, कोरड्या पंचाने टिपून घ्यायचं आणि पंखा सोडायचा.