दुपारी कोंडलेली करडे आणि उष्माघात

शेळ्या चरायला सोडल्या की करडे मागे राहतात. हिंडू नयेत म्हणून त्यांना डालग्याखाली झाकतात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात कोंडतात. सकाळी ती जागा थंड असते. दुपारी वरचा पत्रा तापतो, वारा अडतो, एकाला एक चिकटून बसलेल्या करडांची ऊब आत साचते. उन्हाचा कवडसाही अंगावर न पडलेले करडू मग उष्माघाताने जाते. सावली आहे एवढ्यावर विसंबू नका. भर दुपारी करडांच्या जागी खाली बसून पाहा. तिथे तुमचा जीव घाबरला, तर त्यांचे काय होत असेल?

मोठी शेळी उन्हाला चिवट असते. करडाच्या अंगात पाण्याचा साठा थोडा, त्यात तोंड उघडून धापा टाकताना तो झपाट्याने संपतो. पहिली खूण म्हणजे मान लांब करून भराभर श्वास घेणे. मग तोंडाला लाळ-फेस येतो, करडू आचळाला तोंड लावत नाही, चालताना झोकांड्या खाते. आडवे पडून पाय झाडू लागले तर वेळ फार थोडा उरलेला असतो. थर्मामीटर गोठ्यात ठेवाच. करडाचे तापमान एरवी १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असते. १०५ च्या पुढे गेले की उपाय लगेच सुरू करा आणि पशुवैद्यकाला फोन करा.

करडू हवेशीर सावलीत आणा. पोट, मांड्यांची आतली बाजू, मान आणि पाय साध्या पाण्याने भिजवून वारा घाला. भिजवण्याइतकाच वाराही महत्त्वाचा आहे, कारण पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. ओले पोते अंगावर तसेच टाकून ठेवू नका, ते तापून उलट उष्णता कोंडते. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. दर पाच-दहा मिनिटांनी तापमान पाहा आणि १०३.५ च्या आसपास आले की भिजवणे थांबवा, नाहीतर करडू गारठते.

मान धरवत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. हे कळकळीने सांगतो, कारण घाबरून नेमके हेच केले जाते आणि पाणी फुप्फुसात जाते. गिळता येत असेल तरच मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट द्या: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. माणसांच्या तापाच्या गोळ्या देऊ नका. हा आजारपणातला ताप नाही, त्या गोळ्यांनी तो उतरत नाही. पडलेल्या करडाला शिरेतून सलाईन लागते, ते पशुवैद्यकाचे काम. सावरलेल्या करडावरही दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. लघवी गडद किंवा कमी झाली तर पुन्हा दाखवा.

उन्हाळाभर करडांचा कप्पा जाळीचा किंवा फटींच्या कुडाचा ठेवा, म्हणजे वारा खालूनही खेळतो. पत्र्यावर गवत-पाचटाचा थर द्या, वरून चुना मारला तरी फरक पडतो. दमट हवेत आत पाणी शिंपडण्याआधी बाजू मोकळ्या करा. लसीकरण, जंताचे औषध, वाहतूक पहाटे उरका. शेळ्यांना दहाच्या सुमारास परत आणा: त्या पाणी पितात, करडांना दुपारचे दूध मिळते, आणि कोंडण्याची गरजच उरत नाही.