लॅश एक्स्टेन्शनचा रेट ठरवायचा असेल तर आधी तास मोजा

लॅश एक्स्टेन्शनचा, म्हणजे पापण्यांना कृत्रिम पापण्या चिकटवण्याचा नवीन कोर्स करून आलेली मुलगी पहिलं काय करते, तर इन्स्टावर आपल्या एरियातल्या बाकीच्या आर्टिस्टचे रेट बघते आणि त्यांच्यापेक्षा शंभर-दोनशे कमी लावते. कृपा करून असं करू नका. त्या दुसऱ्या आर्टिस्टचं भाडं किती, तिचा हात किती फास्ट, ती घरातल्या खोलीत करते की मॉलमध्ये, हे तुम्हाला काहीच माहीत नसतं, आणि कदाचित ती स्वतःच तोट्यात असेल.

रेट निघतो तो तुमच्या तासातून. समजा तुम्ही पुण्यात एका पार्लरमध्ये एक बेड भाड्याने घेतलाय. भाडं 9000, लाइट आणि एसी 1800, मोबाइल-नेट-जाहिरात 2200, ट्वीझर, रिंग लाइट, बेड यांची झीज 1000, आणि कोर्सची फी 36000 होती ती तीन वर्षांत वसूल करायची म्हणून महिन्याला 1000. झाले 15000. आता स्वतःचा पगार धरा, हा बऱ्याच जणी धरतच नाहीत आणि मग महिन्याच्या शेवटी उरेल ते आपलं म्हणतात, जे उरत नाही. 30000 धरू. एकूण 45000. महिन्यात तुम्ही दीडशे तास तिथे बसाल पण सगळे तास बुक होत नाहीत, मेसेजला उत्तरं देणं, रील बनवणं, सामान आणणं यात बराच वेळ जातो, तर क्लायंटचे खरे तास 90 धरा. 45000 भागिले 90 म्हणजे तासाला 500. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

क्लासिक सेट म्हणजे एका नैसर्गिक पापणीला एक एक्स्टेन्शन. दोन तास काम आणि अर्धा तास बोलणं, डोळे स्वच्छ करणं, नंतर ट्वीझर सॅनिटाइज करणं. अडीच तास म्हणजे 1250, सामानाचे 200, झाले 1450. त्यावर 20 टक्के नफा, पगाराव्यतिरिक्तचा, कारण उद्या नवीन बेड घ्यायचा तर पैसा यातूनच येणार. 1740, म्हणजे 1750. रिफिल, म्हणजे गळलेल्या एक्स्टेन्शनच्या जागी नवीन लावणं, सगळं धरून दीड तास, 750 अधिक सामान 120, नफ्यासकट 1044, म्हणजे 1050. व्हॉल्यूम, म्हणजे एका पापणीला अनेक बारीक एक्स्टेन्शन, साडेतीन तास, 1750 अधिक 300, नफ्यासकट 2460, म्हणजे 2500.

व्हॉल्यूममध्येच सगळ्यात जास्त जणी मार खातात. क्लासिकपेक्षा फक्त 300 जास्त लावले तर 2050 येतात, सामान वजा केलं की 1750 आणि साडेतीन तासांनी भागलं की बरोबर 500, म्हणजे सगळ्यात अवघड काम आणि नफा शून्य!

सामानाचा हिशोब करताना ग्लू थेंबावर मोजू नका. बाटली उघडली की साधारण महिना-दीड महिन्यात तिची पकड जाते, संपो वा न संपो. म्हणून 1200 ची बाटली तेवढ्या काळात 10 जणींना वापरली तर प्रत्येकी 120, चारच आल्या तर 300. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतला दमटपणा वाढतो, आणि हा ग्लू ओलाव्यानेच सेट होतो, त्यामुळे तो पापणीवर टेकायच्या आतच सुकायला लागतो, मग एसी किंवा डीह्युमिडिफायर सतत चालू ठेवावा लागतो. ते बिलही खर्चातच धरा.

तुमचा हात अजून स्लो असेल, क्लासिकला तीन-साडेतीन तास लागत असतील, तर तो जादा वेळ क्लायंटच्या माथी मारायचा नाही. तेव्हा सरळ प्रॅक्टिस रेट लावा, तसं स्पष्ट सांगा आणि तो कधी संपणार ती तारीखही सांगा.

ऑफर देताना सगळ्यात जास्त सांभाळा. 1750 वर 20 टक्के सूट म्हणजे 1400, आणि आपला खर्च होता 1450, म्हणजे प्रत्येक क्लायंटमागे 50 रुपये खिशातून गेले. त्यापेक्षा लॅश क्लीन्झरची छोटी बाटली किंवा ब्रश द्या, खर्च थोडा आणि पापण्याही जास्त टिकतात. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, तेव्हा तर सूट अजिबात नको. द्यायचीच असेल तर पितृपक्षात, मंगळवार-बुधवारच्या रिकाम्या वेळेला, आणि तीही थोडीच.

रिफिलचे नियम आधीच ठरवा. 21 दिवसांच्या आत आणि निदान 40 टक्के एक्स्टेन्शन शिल्लक असतील तरच रिफिल, नाहीतर नवीन सेट. नैसर्गिक पापण्या रोज थोड्या गळतातच, हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा म्हणजे नंतर वाद होत नाही. दुसरीकडे केलेलं काम काढायचं असेल तर रिमूव्हलचे पैसे वेगळे. बुकिंगला 300 अ‍ॅडव्हान्स यूपीआयवर घ्याच, कारण व्हॉल्यूमची क्लायंट आली नाही तर साडेतीन तास जातात. पॅच टेस्टचे, म्हणजे ग्लूची अ‍ॅलर्जी नाही ना हे आधी थोडासा लावून बघण्याचे, मात्र पैसे घेऊ नका, तो डोळ्यांचा प्रश्न आहे आणि पैशापायी ती कुणी टाळायला नको.

वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर जायला लागली की जीएसटी येतो, तेव्हा सीएला विचारून सगळा हिशोब पुन्हा मांडा.

आणि दर सहा महिन्यांनी हे आकडे परत तपासा. रेट वाढवायचा झाला तर आधी नवीन क्लायंटना लावा, जुन्यांना महिनाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज, "ताई, 1 तारखेपासून रिफिल 1150 होतंय, त्याआधीचं बुकिंग जुन्याच रेटने." कारणांची लांबलचक यादी नको.